चोपड्यातलं रुग्णसाहित्य केंद्र: सेवा एकदम चांगली, फक्त वेळ वाढवा

आईच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणे घरी फाउलर बेड (डोक्या-पायाकडून वर-खाली होणारा पलंग) अन् त्यावर एअर बेड (पंपाने हवा भरायची गादी) लागेल, नाहीतर झोपून झोपून पाठीला जखमा होतात. नवीन घ्यायचं म्हणजे हजारोंचा खर्च अन् नंतर ठेवायचं कुठे. शेजारच्या काकूंनी हे केंद्र सांगितलं, इथे अशा वस्तू वापरायला मिळतात. आधारची झेरॉक्स, थोडं डिपॉझिट, वस्तू परत केली की तेही वापस. संध्याकाळी बेड घरी आला, पंप कसा चालवायचा हेही केंद्राच्या पोराने नीट समजावलं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की यामागे कोणी एक मोठा शेठ नाहीये, कोणी वर्षश्राद्धाची जेवणावळ टाळून वॉकर देतं, बायकांच्या भिशीतून थोडे येतात, केळी-कापसाचा पैसा हातात आला की शेतकरीही टाकतात, अन् अशा जमलेल्या पैशातून घेतलेला एकच बेड मग किती घरं फिरतो बघा! एकट्याच्या पाचशे रुपयात काय आलं असतं?

देणगी दिली की आयकरात सवलतीसाठी ८०-जी ची पावती मिळते. २००० च्या वर रोख दिलं तर करसवलत नाही, म्हणून ऑनलाइनच द्या, नव्या कररचनेत असाल तर तशीही ही सवलत नाही.

दुपारी बंद असतं, लांबून खेड्यावरून येणाऱ्यांची फार पंचाईत होते, हे बदलाच. ऑक्सिजनची मशीन कमी आहेत, आधी फोन करून जा. अन् घरात जुनं वॉकर पडलेलं असेल तर आणून द्या, घेतात.