सी-१० पिकअपची मागची उसळी आणि शॉकअप सरकवण्याचे किट

शेवरलेची १९६७ ते १९७२ या काळातली सी-१० पिकअप दक्षिण कॅलिफोर्नियात आजही हौसेने खाली बसवून, म्हणजे तिची उंची मुद्दाम कमी करून, चालवली जाते, आणि अशा गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: रस्त्याचा सांधा लागला की मागचा हौदा उसळतो आणि लवकर शांत होत नाही. यावरचा उपाय म्हणून विकले जाणारे, मागचे शॉकअप जागा सरकवून अधिक उभे बसवण्याचे किट मी माझ्या १९७० सालच्या, ११५ इंची व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) सी-१०ला बसवले. अनेक कंपन्या हे किट जवळपास एकाच धाटणीचे बनवतात, त्यामुळे येथे कंपनीपेक्षा वस्तूविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे होईल. किटने पैसे वसूल होतात असे माझे मत आहे. मात्र उसळी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखले नाही, तर हाच खर्च पाण्यात जाऊ शकतो.

या पिढीतल्या बहुतेक सी-१०ला मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंग आहेत, आणि ॲक्सल चासीच्या मध्यापासून मागे येणाऱ्या दोन लांब आर्मवर बसवलेला आहे. उसळीचा दोष अनेक जण या जुन्या रचनेलाच देतात, पण तो देणे बरोबर नाही. याच धाटणीचे लांब आर्म नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांना २०२१ च्या हंगामापर्यंत होते. काही गाड्यांना पाट्यांचा पर्याय दिलेला होता आणि त्यांचे किट वेगळे येते, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी गाडीखाली वाकून खात्री करून घ्यावी.

खरी अडचण शॉकअपच्या तिरपेपणात आहे. मूळ शॉकअप कारखान्यातूनच तिरपे बसवलेले असतात. गाडी खाली आली की वरचा आणि खालचा बोल्ट यांमधले उभे अंतर कमी होते, आडवे अंतर मात्र तेवढेच राहते, आणि शॉकअप आणखी आडवा होतो. समजा, उभे अंतर १२ इंच आणि आडवे ७ इंच होते, तर शॉकअप उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करतो. गाडी ५ इंच खाली आणली की दोन्ही अंतरे ७ इंच होऊन कोन ४५ अंशांवर जातो. शॉकअप चाकाची उभी हालचाल किती रोखतो हे त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गावर ठरते, म्हणजे पूर्वी त्याची ७५ टक्के ताकद चाकापर्यंत पोहोचत असेल तर आता ५० टक्केच पोहोचते. शिवाय त्याची लांबी सुमारे १४ इंचांवरून १० इंचांवर येते आणि खड्डा लागण्याआधीच तो दबलेला असतो. त्यात गाडी खाली आणण्यासाठी कॉइल कापलेली असेल तर उरलेले वेढे कमी झाल्याने स्प्रिंग अधिक कडक होते. कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप अधिक जोरकस लागतो, आणि येथे तर तो निम्म्या ताकदीवर आलेला असतो. महागातले नवे शॉकअप जुन्याच जागी बसवून फारसा फरक का पडत नाही, हे यावरून लक्षात यावे.

किट मागवण्यापूर्वी करायची तपासणी स्वस्तातली आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, नळीच्या तोंडाशी टेकेल असा एक झिप टाय (प्लास्टिकची बांधपट्टी) घट्ट बांधावा, बंप स्टॉपच्या, म्हणजे ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावलेल्या, रबरावर थोडे ग्रीस लावावे आणि नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून यावी. ॲक्सलवर ग्रीसचा ठसा उमटला असेल तर ॲक्सल रबरावर आपटत आहे. अशा वेळी उसळी एकच, कोरडी आणि दणक्यासारखी लागते. तिच्यावर इलाज म्हणजे रबर कमी उंचीचे बसवणे किंवा चासीला ॲक्सलच्या वर खाच पाडून तेथे मजबुतीची पट्टी जोडणे. शॉकअपचे किट तेथे कामाचे नाही. ठसा नाही, पण झिप टाय दांड्याच्या टोकापर्यंत सरकला असेल, तर शॉकअपच आतून टेकत आहे. दोन्ही नसून गाडी सांध्यानंतर दोन-तीन वेळा वरखाली होत राहिली, तर शॉकअपचा धाक कमी पडतो आहे. या शेवटच्या दोन्ही प्रसंगी किट घ्यावे. टायरमधली हवा त्याआधीच पाहावी, कारण रिकाम्या हौद्याखाली भाराच्या हिशेबाने भरलेली हवा निम्मी तक्रार स्वतःच निर्माण करते.

किटमध्ये वरचे आणि खालचे ब्रॅकेट, नट-बोल्ट आणि आखूड शॉकअप येतात. पत्रा जाड आहे, वेल्डिंग सलग आणि स्वच्छ आहे. काळा पावडर कोट मात्र भोकांच्या आत जमलेला होता आणि बोल्ट जाण्यासाठी तो कानशीने काढावा लागला, ही किरकोळ पण टाळता येण्याजोगी ढिलाई आहे. अधिक गंभीर उणीव अशी की चासीवरच्या रिव्हेटच्या डोक्यांचा विचार वरच्या ब्रॅकेटमध्ये पुरेसा केलेला नाही. माझ्या गाडीत डावीकडचे ब्रॅकेट एका रिव्हेटवर अडून तिरके बसत होते, आणि ते जागा पाहून घासल्याशिवाय चासीला सपाट टेकले नाही. छापील सूचनांत याचा उल्लेख नाही. भोके पाडताना चासीच्या आतल्या बाजूने जाणारी ब्रेकची नळी आधी बाजूला बांधून घ्यावी. सगळ्या मोजमापांच्या वेळी गाडीचे वजन ॲक्सलवर असले पाहिजे, कारण लोंबत्या ॲक्सलवर घेतलेला कोन फसवा असतो. गाडी उभी असताना शॉकअपच्या चालीचा जवळपास अर्धा भाग दबण्यासाठी शिल्लक राहील, अशीच लांबी निवडावी.

फरक पहिल्याच फेरीत जाणवला: गल्लीतला गतिरोधक ओलांडल्यावर हौदा एकदा बसतो आणि तेथेच थांबतो. फ्रीवेवर मात्र चित्र इतके चोख नाही. लॉस एंजेलिसच्या परिसरात काँक्रीटच्या फरशांचे सांधे ठरावीक अंतराने येतात, आणि विशिष्ट वेगाला त्यांचा ताल रिकाम्या पिकअपच्या उसळीशी जुळतो. याला तेथे फ्रीवे हॉप म्हणतात आणि धडधाकट नव्या पिकअपही त्यातून सुटत नाहीत. किटने ही उसळी सौम्य होते, जात नाही. वेग थोडा बदलणे किंवा हौद्यात थोडे वजन टाकणे हाच तेथे व्यवहार्य मार्ग आहे. गाडी खाली आल्यावर ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्यावरही या किटचा काही उपाय नाही. त्यासाठी लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा, वेगळा घ्यावा लागतो.

शॉकअपसकट हा खर्च काहीशे डॉलरचा आहे आणि घरी ड्रिल, कानस व दोन भक्कम स्टँड असतील तर मजुरी वाचते. दोन इंचांपर्यंतच खाली आणलेल्या गाडीला हे किट घेऊ नये. तेथे योग्य लांबीचे चांगले शॉकअप मूळ जागीच पुरतात. त्याहून खाली बसवलेल्या गाडीला ते जरूर घ्यावे, आणि काहीशे मैल चालवल्यावर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण माझ्या गाडीत उजवीकडचे दोन चांगलेच सैल झालेले आढळले.