पर्यावरणाची वकिली: हायकोर्टातलं चेंबर की खाडीकाठ?

सनद मिळाली, पर्यावरणाचंच काम करायचं हेही ठरलं, तर ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या वकिलापुढे दोन वाटा असतात. एक, हायकोर्टात सिनियरचं चेंबर, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम. दुसरी, सारसोळे, दिवाळे, करावे अशा खाडीकाठच्या गावांत लोकांसोबत बसून काम करणं आणि पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांसाठीचं न्यायपीठ) स्वतः अर्ज दाखल करणं.

चेंबर कमी लेखू नका. ड्राफ्टिंगला वळण तिथेच लागतं. कांदळवनाभोवती 50 मीटरचा मोकळा पट्टा (बफर) आणि राडारोडा टाकायला बंदी देणारा 17 सप्टेंबर 2018 चा निकाल हायकोर्टातल्या जनहित याचिकेतूनच आला. शिवाय महिन्याला थोडे का होईना, पैसे हातात पडतात. खाडीकाठी सुरुवातीची वर्षं भाडेकरार आणि चेक बाउन्सच्या केसेसवर घर चालवावं लागतं.

मला चेंबरचं खटकलं ते एकच: फाइल उशिरा येते. लवादाच्या कायद्यातलं कलम 14 म्हणतं, अर्जाला मुदत वादाचं कारण ‘पहिल्यांदा’ घडल्यापासून सहा महिने, फार तर वर 60 दिवस. जमीन सिडकोची, महसुलाची की वन खात्याची, या घोळात निम्मी मुदत संपलेली असते. पुरावा म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरून आलेले फोटो, ज्यांतली तारीख आणि ठिकाणाची नोंद निघून गेलेली. कलम 15 खाली भरपाई आणि पुनर्स्थापनेला पाच वर्षं मिळतात, पण चालू भराव थांबवायचा तर मदार 14 वरच.

जागेवर असलात तर हे सगळं पहिल्या आठवड्यात उरकतं. उधाणाच्या भरतीला मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून खाडीचं पाणी आत-बाहेर जातं तिथे, जा. तोंडाशी भराव असेल तर आत पाणी चढत नाही, तिवरं पिवळी पडून वाळतात आणि पुढे ‘इथे कांदळवन नव्हतंच’ असं सांगितलं जातं. म्हणून मोरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो एकाच भरतीत, जीपीएस कॅमेऱ्याने घ्या. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या, पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर किनारा व्यवस्थापनाच्या नकाशाशी जुळवा. तक्रार तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांकडे एकाच दिवशी द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. त्याच दिवशी 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: या सर्व्हे नंबरात भरावाला परवानगी दिली आहे का? उत्तराला 30 दिवस असतात, पण त्यासाठी लवादातला अर्ज अडवून ठेवू नका, मुदत थांबत नाही. भरपाई मागितली नसेल तर फी 1000 रुपये, गावात वर्गणी काढून सहज जमते.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. लवादाच्या अनुसूचीत सातच कायदे आहेत, त्यांच्याखालचेच वाद तिथे चालतात. 1972 चा वन्यजीव कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा त्यांत नाहीत. येऊरच्या पाड्यांवरच्या वनहक्कांचं काम करायचं असेल, तर चेंबरचा अनुभव बहुधा जास्त उपयोगी पडेल.

दोन्ही जमवून बघायचं असेल, तर एक गोष्ट चेंबरमध्ये आधीच विचारून घ्या: उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, त्या दिवशी सकाळची सुट्टी मिळेल का?