दोरी की रिंगण? उत्तर युगांडात परतलेल्या मुलींसाठी दोन उपचार

लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेने पळवलेल्या आणि सुटून आलेल्या मुलींसोबत काम करायला उत्तर युगांडात जो जातो, त्याला लवकरच ठरवावं लागतं: एकेकीला नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी द्यायची, म्हणजे आयुष्याची कहाणी क्रमाने सांगायला लावायची (सगळे तिला 'नेट' म्हणतात), की गट रिंगणात बसवून इंटरपर्सनल थेरपी, म्हणजे नात्यांमधल्या अडचणींवरची थेरपी, चालवायची? समुपदेशक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, दोन्ही एकदम झेपत नाही. युद्धात विस्थापित झालेल्यांच्या छावण्या रिकाम्या होऊन लोक गावी परतल्यावर गुलूच्या आसपास मी आधी नेट चालवली, नंतर गट. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

दोन्हींच्या पाठीशी याच भागातल्या चाचण्या आहेत. २०११च्या चाचणीत ८५ माजी बालसैनिक होते. स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन आठ बैठकांची नेट दिली गेली आणि आघाताची लक्षणं शिकवणी-अधिक-आधार मिळालेल्या गटापेक्षा जास्त उतरली. २००७ची चाचणी गट-थेरपीची. दोन छावण्यांतली १४ ते १७ वयाची ३१४ मुलं-मुली, १६ आठवडे. तिथे मुलींची उदासी स्पष्ट कमी झाली, मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे एकीने आघात मोजला, दुसरीने उदासी. त्यामुळे आकड्यांवरून निकाल लावणं मला तरी जमलं नाही.

नेट जवळून पाहिली की भारावून जायला होतं. जमिनीवर दोरी अंथरतात, ती म्हणजे आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. एका मुलीने पळवलं त्या रात्रीसाठी दगड उचलला, ठेवला, परत उचलला आणि बराच वेळ मुठीतच धरून बसली. समुपदेशक काही बोलली नाही. मग ती मुलगी त्या रात्रीपासून पुढे सांगत गेली. समुपदेशक सगळं लिहून घेते, पुढच्या बैठकीत वाचून दाखवते, मुलगी चुका दुरुस्त करते. पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत काहींची झोप सुधारलेली मी पाहिली आहे.

पण शेवटच्या बैठकीत ती पूर्ण कहाणी कागदावर तिच्या हातात दिली जाते, आणि माझं घोडं तिथेच अडलं. त्याच मुलीने कागद घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "हे मी ठेवू कुठे?" एका खोलीची गोल झोपडी, वर गवत. एकच पत्र्याची पेटी, तिची किल्ली नवऱ्याकडे. तिला पळवून नेलं होतं हे त्याला माहीत होतं. तिथे काय काय झालं, हे नव्हतं. सासूला वाचता येत नव्हतं, पण दिराची मुलं शाळेत जात होती. आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागद आमच्या कपाटात राहिले, मग दुसरीचे, तिसरीचे. प्रकल्पाची मुदत संपत आली तेव्हा प्रत्येकीला गाठून विचारावं लागलं. बहुतेकींनी जाळायला सांगितले. ही मुलगी स्वतः चालत आली, कागद आमच्यासमोर जाळले आणि राख विझेपर्यंत थांबली. जे लिहून काढायला तिने इतकं सोसलं, त्याला तिच्या घरात जागा नव्हती. पद्धत चूक आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही पहिल्याच दिवशी हे विचारायला हवं होतं.

गटाचा भर आजच्या आयुष्यावर असतो: कोण गेलं त्याचं दुःख, कोणाशी वाद, बदललेली भूमिका, एकटेपणा. गटात येण्यासाठी पळवलेलं असणं आवश्यक नसतं, उदासी पुरते. तिकडे तिला 'त्वो ताम', 'पार' अशी नावंही आहेत. त्यामुळे जंगलातून आलेली आणि गावातच राहिलेली शेजारी बसतात आणि कोण कुठली, हे कोणी विचारत नाही. आमच्या एका गटात एकीची सासू आपल्या नातवाला, म्हणजे हिच्या मुलाला, उठता-बसता 'ओलुम' म्हणायची, म्हणजे झाडीतला, बंडखोर. गटातल्या एका विधवेने सासूची भूमिका केली आणि या मुलीला सगळ्यांसमोर उत्तर देऊन पाहायला लावलं. पहिल्यांदा आवाजच फुटेना. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, त्याला नाव आहे." पुढच्या आठवड्यात घरी खरंच बोलली. सासू एका दिवसात बदलली नाही, पण ही पुन्हा विहिरीवर जायला लागली.

गटाच्याही अडचणी आहेत. कुजबुज बाहेर जाते. रोज रात्री दचकून उठणारीला, डोळ्यांसमोर तोच प्रसंग पुन्हा घडताना पाहणारीला गट पुरत नाही. तिला नेटच द्यावी, आणि कागदाचं आधी ठरवून. परतलेलीला वडीलधाऱ्यांनी अंड्यावर पाय ठेवायला लावून घरात घेण्याचा विधी यांतल्या कशानेही भरून निघत नाही, तो ज्यांचा आहे त्यांनाच करू द्यावा.

एकच निवडायची असेल तर मी गट निवडेन. आणि सुरुवात डिसेंबरात करावी. तेव्हा शेतं कोरडी असतात, सोळा आठवडे मार्चअखेर संपतात, आणि एप्रिलच्या पावसात कुदळ सोडून ये म्हणायची वेळ कोणावर येत नाही.