गोल्डबर्ग: १९५५ची की १९८१ची?

गेले काही दिवस घरात एकच रचना वाजतेय. जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’, म्हणजे ‘आरिया’ ही एक सुरावट आणि तिच्यावर रचलेले तीस तुकडे. पियानोवादक ग्लेन गूल्ड. त्याने ती स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९५५ आणि १९८१ साली. जागा एकच, न्यूयॉर्कमधला ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ.

पहिली साधारण ३८ मिनिटांत संपते. बाविशीतला पोरगा, सुसाट सुटलेला. प्रत्येक भाग दोनदा वाजवायच्या पुनरावृत्त्या गाळलेल्या, बोटं लख्ख. ऐकताना थक्क व्हायला होतं, पण दमही लागतो. हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, ते वेगळंच.

दुसरी ५१ मिनिटांच्या आसपास. सुरुवातीची आरियाच इतकी संथ, की प्रत्येक स्वर उमटल्यावर विरताना ऐकू येतो. इथे गूल्डने सगळ्या तुकड्यांना एका लयीच्या धाग्यात ओवलंय. एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो तेव्हा आतला ठेका तुटत नाही. द्रुत-विलंबिताचा हिशेब ठाऊक असलेल्या कानांना हे चटकन कळेल. काही पुनरावृत्त्याही परत आल्यात. शिवाय वाजवताना त्याचं गुणगुणणं! हेडफोनवर तर तो शेजारीच बसल्यासारखा वाटतो. माझ्या घरी यावरून दोन तट आहेत. मला ते आवडतं.

गंमत म्हणजे पंचविसावा, सगळ्यात उदास तुकडा जुन्या मुद्रणातच किंचित जास्त लांबतो. म्हणजे तरुण गूल्ड नुसता घाईचा नव्हता.

रात्री मी १९८१चीच लावतो. नव्या माणसाला मात्र आधी १९५५ची ऐकवेन.