इंग्रजी शिकवायला जपान: टोकियो, ओसाका की फुकुओका?

"कुठलं शहर घेऊ?" असं विचारणारा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो, बहुतेकदा पुण्याहून, जपानी भाषेच्या एखाद-दोन परीक्षा दिलेल्या मुलामुलींचा. मी ओसाकात तीन वर्षं खाजगी क्लासमध्ये शिकवलं आणि नंतर दोन वर्षं टोकियोच्या बाजूला सरकारी शाळांत. माझं उत्तर आधीच सांगते. एकटे असाल आणि जपान बघायचीही हौस असेल, तर ओसाका. मुलंबाळं घेऊन जात असाल किंवा पुढे शिकवणं सोडून दुसऱ्या नोकरीत शिरायचं असेल, तर टोकियो. फुकुओका राहायला तिघांत सुखाचं, पण नोकरी हातात असल्याशिवाय तिथे जाऊ नका.

मात्र शहराच्याही आधी नोकरीचा प्रकार ठरवा. एक असते एएलटी, म्हणजे शाळेत जपानी शिक्षकाच्या जोडीने शिकवणारा सहायक. दुसरी एइकाइवा, म्हणजे इंग्रजी संभाषणाचे खाजगी क्लास. एएलटीचा दिवस सकाळी आठ ते दुपारी चार, शनिवार-रविवार मोकळे. एइकाइवा दुपारी सुरू होऊन रात्री नऊला सुटतो, कारण नोकरदार मंडळी आणि शाळकरी मुलं संध्याकाळीच येतात. शनिवारी सगळ्यात जास्त वर्ग, त्यामुळे सुट्टी बहुधा आठवड्याच्या मधेच.

मला आधी ही अडचण वाटली होती. मग एका मंगळवारी सकाळी साडेसहाला फुशिमी इनारीला पोचले. क्योतो स्टेशनपासून नारा लाइनवर दुसरंच स्टेशन, देऊळ चोवीस तास उघडं, तिकीट नाही. लाल कमानींच्या त्या वाटेवर एक म्हातारे आजोबा झाडू मारत होते आणि झाडूचा आवाज डोंगरभर ऐकू येत होता. पुढे एएलटी झाल्यावर त्याच जागी रविवारी अकराला गेले, तर पाऊल उचलायला जागा नव्हती. शाळेच्या सुट्ट्या लांब खऱ्या, पण एप्रिल-मेमधला गोल्डन वीक किंवा ऑगस्टमधला ओबोन, तेव्हा सगळा जपानच घराबाहेर असतो आणि हॉटेलं महागतात. फिरणं हा तुमचा मोठा हेतू असेल तर आठवड्यामधली सुट्टी ही पगारवाढीइतकीच धरा.

आता व्हिसा, कारण इथे आपली बरीच मुलं अडतात. सरकारी शाळेत परदेशी भाषा शिकवायला 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा लागतो आणि त्यासाठी त्याच भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना इंग्रजी कितीही उत्तम येत असलं, तरी ही अट आड येते. एइकाइवाचा व्हिसा वेगळा, तिथे पदवीला महत्त्व. एका व्हिसावर दुसरी नोकरी आपोआप करता येत नाही. त्यामुळे "आधी क्लासमध्ये लागतो, मग शाळेत जातो" हा बेत कागदपत्रं तपासूनच करा.

एएलटी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीत 'टोकियो' असेल तर शाळा नक्की कुठल्या गावात आहे ते विचारा. पुष्कळदा ती शेजारच्या साइतामात किंवा चिबात निघते. मी रोज दीड तास गाडीत उभी असायचे. आणखी एक विचारा: ऑगस्टमध्ये शाळा बंद असताना पगार पूर्ण मिळतो का? बऱ्याच करारांत मिळत नाही.

घराचं दुखणं तिन्ही शहरांत आहे. शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे घरमालकाला दिलेली आणि कधीच परत न येणारी रक्कम, वर दलाली आणि जामीन घेणाऱ्या कंपनीची फी. सगळं मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं एकदम जातं. ओसाकातला एजंट माझ्यासमोर घरमालकांना फोन लावत होता. पहिलंच वाक्य, "परदेशी व्यक्ती आहे, चालेल का?" पलीकडचं ऐकून तो माझ्याकडे बघत दोन बोटांची फुली करायचा. अशा सात फुल्या झाल्या. आठव्या फोनची वाट न बघता मी उठले. शेवटी यूआरची जुनी इमारत मिळाली. ही निमसरकारी घरं आहेत. रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नको, पण पगाराचा पुरावा हवा. टोकियोत हीच घरं बरीच महाग पडतात. ओसाकात शिक्षकाच्या पगारात बसतात, फुकुओकात आणखी आरामात.

टोकियोच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निशी-कासाई. एदोगावा वॉर्डातल्या या भागात तूरडाळ, पोहे, हिंग चालत जाऊन मिळतं, भारतीय शाळा आहेत, शेजारी मराठी ऐकू येतं. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे भारतीय गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. शाकाहारी कुटुंबाला ही फार मोठी सोय आहे, कारण जपानी जेवणात साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा दाशी, म्हणजे अर्क असतो. फिरायला कामाकुरा, निक्को, हाकोने आहेत, पण प्रत्येकाला पूर्ण दिवस काढावा लागतो.

ओसाकाहून मात्र क्योतो अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर, हिमेजीचा किल्ला तासाभरावर. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते उघडले, हे तिथे उभं राहून आठवलं की अंगावर काटा येतो. ओसाकातल्या नाम्बाहून दोनेक तासांवर कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध क्षेत्र. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. माणसंही मोकळी. टोकियोतली मुलं चूक होईल म्हणून गप्प बसायची, ओसाकातली वर्गात माझ्या चुकीवरच "नान्दे यानेन!" (काय हे!) ओरडायची आणि पुढच्या मिनिटाला इंग्रजीत बोलू लागायची. क्योतोत राहू नका असं मात्र आवर्जून सांगेन. तिथल्या सिटी बसमध्ये पर्यटकांच्या बॅगांमुळे रोज कामाला जाणाऱ्याचे हाल होतात.

फुकुओकाबद्दल थोडक्यात. विमानतळ शहराच्या मुख्य हाकाता स्टेशनपासून मेट्रोने पाच मिनिटं, समुद्र जवळ, गर्दी कमी. कुमामोतो, हिरोशिमा शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या टप्प्यात, नागासाकीला वाटेत एकदा गाडी बदलावी लागते. फक्त जागा कमी निघतात आणि भारतीय किराणा बहुतेक ऑनलाइन मागवावा लागतो.

पैशांचं एक ध्यानात ठेवा. जपान रेल पास हा पर्यटकांसाठी आहे, तिथे नोकरीवर राहणाऱ्याला मिळत नाही. आम्ही सुट्ट्यांत सेइशुन १८ या सवलतीच्या तिकिटावर साध्या गाड्यांनी हिंडायचो. आणि पहिल्या वर्षी हातात येणाऱ्या पगारावर पुढचा हिशोब करू नका. रहिवासी कर मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून तो दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून सुरू होतो. माझ्या कराचं पाकीट आलं तेव्हा मी ओकिनावाचं तिकीट काढायच्या बेतात होते. ते पुढच्या मार्चपर्यंत लांबलं.