वेताळ की मँड्रेक: ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं?

नाशिकला गंगेवर मुलांना जमवून जुनं इंद्रजाल कॉमिक मोठ्याने वाचणार असाल, तर आधी एक ठरवा: नायक गुंडाला ‘तू’ म्हणणार की ‘तुम्ही’? मूळ इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, तिथून मदत मिळत नाही.

जादूगार मँड्रेक (1934 पासूनचा) सोपा. उंच टोपी, खांद्यावर झगा, हाताची एक खूण, की समोरच्याला पिस्तुलाच्या जागी फुलं दिसतात. शेवटपर्यंत ‘तुम्ही’ चालतं.

वेताळात, म्हणजे इंग्रजीतल्या मुखवटाधारी ‘फँटम’मध्ये (1936 पासूनचा), खरी मजा आहे. त्याच्या डाव्या हातात रक्षणाच्या खुणेची अंगठी, उजव्यात कवटीची. सभ्यपणाही असाच दोन हातांचा. पहिली ताकीद ‘तुम्ही’नेच, सावकाश वाचा. गुंडाने पिस्तूल रोखलं की ‘तू’, आणि तेही आवाज न चढवता. पुढच्या चौकटीत ठोसा बसतो, जबड्यावर कवटी उमटते. तिथे दोन सेकंद गप्प राहा, मुलांना चित्र बघू द्या. पहिल्याच पानावर ‘ए, थांब रे’ केलंत, तर या ठोशासाठी चढायला पायरीच उरत नाही. म्हणून वाचायला आम्ही वेताळच निवडू.

गुरन मात्र वेताळाचा बालमित्र, त्याला ‘तू’च. आणि वेताळाची प्रेयसी, पुढे बायको झालेल्या डायनाच्या तोंडी ‘अहो’ घालू नका.