पिकअपचे सस्पेन्शन, आठ महिन्यांनंतर: आधी उंची घेतली, मग वजन मोजले

माझ्या इसुझू व्ही-क्रॉसला सध्याचे सस्पेन्शन बसवून आठ महिने आणि सुमारे ११,००० किलोमीटर झाले. त्यात एक पूर्ण पावसाळा, घोडबंदर रस्त्यावरून रोजचे जाणे-येणे आणि जवळपास दर शनिवारी मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या शेतावरची फेरी आली. सेटच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव बघून सेट निवडण्याची चूक मी एकदा केली असून तिची किंमतही मोजली आहे.

या गाडीला पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे कमानपाटे आहेत. रिकामी पिकअप बाजूने पाहिली की तिचे नाक खाली आणि शेपूट वर दिसते. मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होते. त्यामुळे पहिल्याच वर्षी पुढच्या शॉकअपच्या माथ्यावर बसणारे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून घेतले. स्पेसर जेमतेम २२ मिलिमीटर जाडीचे होते, पण गाडी ४० मिलिमीटर उचलली गेली. शॉकअपचे खालचे टोक चाकापाशी नसून खालच्या आर्मच्या मधल्या भागावर बसते, त्यामुळे तिथे मिळालेली उंची चाकापाशी वाढून येते. गाडी एका पातळीत आली, सोसायटीत कौतुक झाले आणि मी खूश झालो.

ही खुशी पहिल्या भरलेल्या फेरीपर्यंतच टिकली. गाडीवर कॅनोपी (मागच्या हौद्यावरचे टणक छप्पर) आणि हत्यारांची पेटी मिळून सुमारे ९० किलो कायमचे असतात. शनिवारी त्यात खताची पोती, ठिबकचे सामान आणि मागच्या सीटवर तीन माणसांची भर पडते. त्या रात्री कल्याण ते मुरबाड रस्त्यावर समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक चालक मला अप्पर-डिप्पर मारत होता आणि मी मात्र दिवे डिपरवरच ठेवल्याची पुन्हा पुन्हा खात्री करत होतो. दुसऱ्या दिवशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले, तेव्हा उलगडा झाला. मूळ स्थितीत पुढे ४८५ आणि मागे ५३५ मिलिमीटर होते. कॅनोपी बसवल्यावर मागचे ५२० झाले, आणि पूर्ण भरल्यावर ४९०. म्हणजे भरलेली गाडी कारखान्याने दिलेल्या उंचीवर आपोआप पातळीत येत होती, आणि जो उतार मला दोष वाटला होता तो नेमका याच कामासाठी ठेवलेला होता. मी पुढचा भाग ५२५ वर नेल्यामुळे भरलेली गाडी ३५ मिलिमीटरने आभाळाकडे बघू लागली होती.

इतर तक्रारीही होत्या. पुढचा भाग उचलला की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होईना आणि नाशिक महामार्गावर गाडी सारखी सावरावी लागे. खोल खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबकळले की वरचा आर्म स्प्रिंगला टेकून टक असा आवाज येई. गायमुखच्या पट्ट्यात तो आवाज कितीदा ऐकला याची मोजदाद ठेवलेली नाही. बसवताना अलाइनमेंट करून दिली नव्हती आणि मीही मागितली नाही, त्यामुळे तीन महिन्यांत पुढच्या टायरच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या.

दुसऱ्या वेळी मी गॅरेजमध्ये जाण्याआधी भिवंडी बायपासवरच्या वजनकाट्यावर गेलो आणि पुढचा व मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलून घेतला, एकदा रोजच्या स्थितीत आणि एकदा शनिवारच्या. या विषयातला सगळ्यांत उपयोगी खर्च हाच. चांगले सेट उंचीनुसार नव्हे, तर कायमच्या वजनानुसार विकले जातात: हलके, मध्यम आणि जड. वाजवीपेक्षा जड पाटे घेतले तर रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते, हलके घेतले तर जुनेच दुखणे परत येते. मी पुढे किंचित लांब आणि थोडी कडक कॉइल, मागे मध्यम वजनाचा पाट्यांचा संच आणि चारही शॉकअप त्याच सेटचे घेतले. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे ठेवण्याचा स्वस्त पर्याय सुचवला गेला होता. तो नाकारला, कारण ठोकळ्याने उंची मिळते, ताकद नाही, शिवाय जोर लावताना अॅक्सल पिळला जातो.

आता पुढे ५२५ आहे, मागे कॅनोपीसह ५५५ आणि पूर्ण भरल्यावर ५३५. दिवे खाली बघतात. खालच्या आर्मच्या बोल्टवर कॅस्टर पुन्हा मर्यादेत बसवता आला. उचल ४० मिलिमीटरवरच थांबवल्याने ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोनही सोसण्याजोगा राहिला. ५० च्या पुढे गेल्यास तिथे आणखी सुटे भाग आणि खर्च वाढत जातो. मुंब्रा बायपासच्या उखडलेल्या जोडांवर भरलेली गाडी पूर्वी दोन-तीनदा डोलायची, ती आता एकदाच बसते आणि स्थिर होते. मात्र एकटा रिकामी गाडी घेऊन निघालो तर मागचा भाग पूर्वीपेक्षा कडक आहे, आणि हे पाम बीच रस्त्यासारख्या गुळगुळीत रस्त्यावरही जाणवते. पावसाळ्यानंतर पाट्यांचे बुश (टोकांच्या सांध्यातल्या नळ्या) करकरू लागले, ते उघडून ग्रीस भरावे लागले. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. माझे दोन सैल निघाले. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब अॅक्सलच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग उचलल्यावर त्याची दांडी जुळवून घेतली नाही, तर भरलेल्या गाडीलाही तो रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. त्यामुळे विमा कंपनीला लेखी कळवणे आणि मूळ स्प्रिंग जपून ठेवणे, एवढे मी केले आहे.

एक हिशेब तेवढा चुकला. आमच्या सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी उंचीची लोखंडी पट्टी आहे. शनिवारी भरलेली गाडी कॅनोपीवरच्या कॅरिअरसह तिच्याखालून एका बोटाच्या अंतराने सुखरूप आत गेली. खाली सामान उतरवले, गाडी मागून २० मिलिमीटर वर आली, आणि रविवारी बाहेर पडताना कॅरिअर पट्टीला खरवडून निघाला. आता कॅरिअर काढून घराच्या गॅलरीत ठेवला असून त्यावर कपडे वाळतात.